ताईची तयारी

३ तारीख, सोमवार

आधीच सांगून टाकते, शुद्धलेखनाचं काही खरं नाही. पहिली वेलांटी की दुसरी हे मला शाळेत असतानाही कळलं नाही, आणि आता शाळा सुटून बरीच वर्षं झाली. शिवाय एका बोटाने टाईप करते. जोडाक्षर सापडेपर्यंत पुढचं काय लिहायचं तेच विसरते. भाऊजींनी त्यांचा जुना लॅपटॉप दिलाय. म्हणाले, रोज मनात येईल ते लिही, हात बसेल. लाँड्रीच्या ऑफिसात चिठ्ठ्या छापायला कुणीतरी लागणार आहे, तिथे चिकटलीस की वाफेतून सुटलीस. खरं तर मला वाफेतून सुटायचं नाहीये. पण भाऊजींना तसं सांगायचं तर तोंड उघडावं लागतं.

मी एकोणीस वर्षांची. नववीत शाळा सोडली. नापास झाले म्हणून नाही. उभं राहून धडा वाचायला सांगितलं की माझा आवाज घशातच बसून राहायचा. पोरं हसायची पण नाहीत, नुसती वाट बघायची, ते जास्त वाईट. आता हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे, तळघरात. वरून मळक्या चादरींची गाठोडी येतात, खालून पांढऱ्या थप्प्या वर जातात. दुपारी रोलर गरम झाला की इतकी वाफ दाटते की समोरची बाई दिसत नाही, चादर धरलेले तिचे दोन हात तेवढे हवेत तरंगताना दिसतात. मला ते फार आवडतं. सगळं जग नुसतं पांढरं आणि ऊबदार, आणि कुणी काही विचारत नाही.

राहते ताई आणि भाऊजींकडे. ताईला नववा लागलाय. बाळ पायाळू आहे, डोकं वर आणि पाय खाली, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनच करायचं ठरवलंय. एकवीस तारीख दिलीय. आई कालच आली, पिशव्या घेऊन.

५ तारीख, बुधवार

आईने ताईला विचारलं, तयारी झाली का. ताई म्हणाली, झाली, बाळाचे कपडे भरले, टॉवेल भरले. आई म्हणाली, ती नव्हे गं, ती तयारी. मला समजायला वेळ लागला. आमच्या घरात डोक्यावरच्या केसांना शब्द आहे, भुवयांना आहे, मिशीलाही आहे. मानेखाली आमची भाषा संपते.

आईचं म्हणणं, दवाखान्यात जायचं तर खालून गुळगुळीत होऊन जायचं, तिकडे कुणाचं बोलून घ्यायचं नाही. तिने भाऊजींच्या दाढीच्या सामानातून एक ब्लेड काढलं. ताईला तर पोटामुळे स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत. मग पालथ्या बादलीवर हातातला आरसा उभा केला, ताई स्टुलावर बसली, आणि आई बंद दाराबाहेर उभं राहून ट्रक मागे घेतल्यासारखी सूचना द्यायला लागली. सावकाश. जरा डावीकडे. बास, बास.

दाराखालून वाफ येत होती. मी पॅसेजमध्ये बसून त्या वाफेत आकार शोधत होते. एक हरीण सापडलं. मग ताई बाहेर आली ती बर्फावरून चालल्यासारखी. आई म्हणाली, झालं एकदाचं.

८ तारीख, शनिवार

ताईला नुसती खाज सुटलीय. वाढायला लागलेले केस टोचतात म्हणे, चालताना, बसताना, उठताना. कुणाचं लक्ष नसलं की ओट्याच्या कडेला टेकून उभी राहते आणि डोळे मिटते. तेव्हा ती दूर कुठेतरी गेल्यासारखी दिसते.

आज भाऊजी एक डबा घेऊन आले. आकाशी रंगाचं छोटंसं ट्रिमर, गोल टोकाचं. जेवताना ताटाकडे बघत म्हणाले की दाढीसाठी आणलं होतं पण जमत नाही, मुळापासून कापत नाही, थोडे ठेवतं. कातडीला लागत नाही म्हणे. पडून राहील. कुणाला हवं असेल तर वापरा.

आई म्हणाली, दुकानात परत करा की. ताई मिठाकडे बघत राहिली. भाऊजींनी ते बाथरूमच्या फळीवर ताईच्या तेलाच्या बाटलीशेजारी नेऊन ठेवलं.

भाऊजी तसे हुशार आहेत पण खरेदीत कच्चे. रोज सकाळी आरशासमोर गाल चकचकीत करणारा माणूस, त्याला ट्रिमर कशाला.

११ तारीख, मंगळवार

आईने पुन्हा हात फिरवायला लावला. तारखेला गुळगुळीत पाहिजे ना, आत्ताच खुंट आलेत. ताई म्हणाली राहू दे. आई म्हणाली, मी सांगतेय त्याला कारण आहे. कारण काय ते सांगितलं नाही. ब्लेड तेच. पाणी पण गरम नव्हतं, गीझर बंद पडला होता, आणि वाकून साबण लावायचा ताईला कंटाळा आला. तसंच कोरड्यावर ओढलं.

दुपारी लाँड्रीत थप्पीला टेकून माझा डोळा लागला. स्वप्नात एवढी मोठी चादर होती की तिला दुसरं टोकच नव्हतं. मी अनवाणी चालत होते आणि चादरीतून खालून बारीक खुंट वर येत होते, कापणी झालेल्या शेतासारखे. लांब मध्यावर ताई बसली होती, तिच्या मांडीत ते हरीण. मी हाक मारायला तोंड उघडलं तर वाफच बाहेर आली.

१३ तारीख, गुरुवार

ताईला केसतोड झालाय.

आई बाजारात गेली होती तेव्हा तिने मला जवळ बोलावलं. गाऊनवरूनच बोटाने दाखवलं कुठे ते. पोटाच्या खाली, आडवी रेघ ओढल्यासारखं बोट फिरवलं, इथे डॉक्टर कापणार, आणि त्या रेघेवरच बोट थांबवलं. काल पुटकुळी होती, आज लिंबाएवढी गाठ आहे आणि ठणकते. मी म्हटलं, डॉक्टरांना सांग. म्हणजे मनात म्हटलं, पण ताईला माझं मनातलं ऐकू येतं. ती म्हणाली, सांगितलं की बघायला मागणार. मग विचारणार कुणी करायला लावलं. आईला चार लोकांत ऐकून घ्यावं लागेल, आणि आई ते जन्मभर उगाळत बसेल. आठवडा आहे मध्ये, बसेल आपोआप.

मग म्हणाली, तू कुणाला बोलायचं नाहीस.

मला सगळेच गुपितं सांगतात. विहिरीत दगड टाकतात तसे. बुडबुडासुद्धा येत नाही म्हणून.

१४ तारीख, शुक्रवार

आमच्याकडे वरच्या वॉर्डातून एक सिस्टर चादरी न्यायला येतात. केस पिकलेत म्हणून आम्ही त्यांना करडी सिस्टर म्हणतो, त्यांच्या मागे. ट्रॉलीवाला असताना त्या स्वतःच का येतात कोण जाणे. आणि मोजणीत इतक्या कच्च्या. माझ्यासमोर थप्पी मोजतात, चुकतात, अगं बाई चुकलं म्हणतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. मधूनच माझ्याकडे बघून हसतात. मला त्यांची दया येते. एवढी शिकलेली बाई.

आज ठरवलं होतं, त्यांना विचारायचंच. आपल्या माणसाचं म्हणून नाही, सहज म्हणून. पहिली मोजणी झाली, माझा आवाज आला नाही. दुसरी झाली. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, आज माझं डोकंच ठिकाणावर नाही बघ. तेवढ्यात वरून बोलावणं आलं आणि त्या गेल्या. मी जोरात नाक शिंकरलं, बायका म्हणाल्या सर्दी झाली का, मी मान हलवली.

घरी ताई कुशीवर निजली होती. आई म्हणत होती, दाबून काढूया का. म्हणजे आईला कळलंय. ताई नको म्हणाली. ते बरं केलं.

१५ तारीख, शनिवार

आज खूप आहे. बोट दुखेल पण लिहिणार.

पहाटे ताईचा हात लागला तर चटका बसला. ताप. ती म्हणाली हवेमुळे असेल. खिडक्या बंद होत्या. भाऊजींना शनिवारीही लवकर जायचं होतं, ते दारात बराच वेळ चपला घालत उभे राहिले, मग म्हणाले, काही लागलं तर फोन कर, काहीही. मग गेले.

मी कामावर गेले. वाफ होती पण आज तिच्यात हरीण नव्हतं, काहीच नव्हतं. अकराच्या सुमाराला करडी सिस्टर आल्या. आज चादरी घडी व्हायच्या बाकी होत्या आणि माझी जोडीदारीण आली नव्हती. त्या म्हणाल्या, चल, मी धरते एक टोक.

दोघींनी घडी घालायची एक पद्धत असते. एकीने दोन कोपरे धरायचे, समोरचीने दोन. ताणायचं, झटकायचं, मग हात वर करून एकमेकींकडे चालत यायचं. हात वर असतात तेव्हा मध्ये चादरीचा पडदा असतो. तोंड दिसत नाही. नुसता पांढरा उजेड, त्यातून दुसरीची सावली.

दोन चादरी झाल्या. तिसरीला हात वर केले आणि सिस्टर पुढे आल्याच नाहीत. पलीकडे तशाच उभ्या राहिल्या, हात वर धरून. मला वाटलं थकल्या. आणि मग मला कोणाचा तरी आवाज ऐकू आला, आणि तो माझा होता.

"सिस्टर, माझ्या ताईला खाली केसतोड झालाय. जिथे कापणार तिथेच. आणि आज ताप आहे."

चादर हलली नाही. पलीकडून त्या मोजताना बोलतात त्याच आवाजात बोलल्या. किती महिने, ऑपरेशन कधी, केस कशाने काढले. मी एकेक सांगत गेले. चादरीशी बोलायला काही वाटत नाही. ब्लेडचं सांगितलं, कोरड्याचं सांगितलं, बादलीवरच्या आरशाचं पण सांगितलं.

"काढायलाच पाहिजेत असं कुणी सांगितलं?"

"आईने."

"आणि आईला कुणी सांगितलं?"

हे मला माहीत नव्हतं.

मग त्या पुढे आल्या, त्यांचे कोपरे माझ्या हातात दिले, आणि म्हणाल्या, आजच घेऊन ये, जेवणाआधी. दाबू नका, फोडू नका. येईपर्यंत गरम पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं ठेवा, बस. आणि तिला सांग, कुणी रागावणार नाही. रागावलं तर माझ्याकडे पाठव.

मी पहिल्यांदा मधल्या सुट्टीशिवाय बाहेर पडले. भाऊजींना फोन केला. मी फोन केला म्हणून ते इतके घाबरले की आधी मलाच काय झालं विचारत बसले. आम्ही ताईला रिक्षात घातलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. फक्त एकदा म्हणाली, "विहिरीलाच तोंड फुटलं म्हणायचं."

डॉक्टर तरुण होत्या. गाठीला छोटासा छेद देऊन पू काढला, बाळाला चालतील अशा गोळ्या दिल्या, ताईला ठेवून घेतलं. भाऊजींना म्हणाल्या, बरं झालं आत्ता आणलंत. हे घेऊन ऑपरेशनच्या टेबलावर आली असती तर जखम चिघळायला वेळ लागला नसता, आणि मग आई आणि बाळ दोघांचे हाल. ऑपरेशन तीन दिवस पुढे ढकललंय.

आई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

१६ तारीख, रविवार

ताप उतरलाय. ताई माझ्याशी बोलत नाही.

दुपारी करडी सिस्टर ताईची चादर बदलायला आल्या. आई एकदम म्हणाली, पण साफ करून पाठवलं नाही तर तुमची माणसंच बोलतात ना. सिस्टर म्हणाल्या, कोण बोललं. आई टॉवेल घडी करायला लागली. ताईच्या वेळेची गोष्ट, म्हणाली. मोठी खोली, ओळीने खाटा. तिथली एक बाई सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, हे काय जंगल वाढवून आलीस, लाज नाही का वाटत. आणि कोरडं ब्लेड घेऊन खरवडलं. कळा चालू होत्या. बाकीच्या बायका हसल्या. का नाही हसणार, त्यांची पाळी होऊन गेली होती. तेव्हाच ठरवलं, माझ्या पोरीला हे ऐकावं लागणार नाही.

टॉवेलची घडी इतकी लहान झाली की आणखी घालता येईना. आई तरी घालत होती. टॉवेल चांगला मोठा होता, एवढा दुमडायची काही गरज नव्हती.

सिस्टर खाटेच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, "ती बाई आता असेल नसेल. तिच्या वतीने मी सांगते, तिचं चुकलं. केस म्हणजे घाण नव्हे, वहिनी. कातडीची राखण करायलाच असतात ते."

आई म्हणाली, हो का. खिडकीतून ऊन आलं होतं आणि ते तिच्या पावलांवर होतं, चपलांसारखं.

१९ तारीख, बुधवार

जखम सुकतेय. सिस्टर रोज पाच मिनिटं ताईजवळ बसतात. मी स्टुलावर असते, नसल्यासारखी. त्यांनी ताईला समजावलं की ऑपरेशनच्या आधी घरी ब्लेड लावायचंच नसतं, बारीक काप पडतात आणि त्यातून जंतू आत शिरतात. लागलं तर हॉस्पिटलवालेच मशीनने तेवढ्या जागेचे बारीक करतात. एरवीही काढायलाच पाहिजेत असं काही नाही. नको वाटले तर वाढू द्यावेत, रोज आंघोळीला बाहेरून पाणी घेतलं की झालं, सुगंधी काही चोळत बसू नये. टोचतात, अडचण होते असं वाटलं तर छोट्या कात्रीने किंवा ट्रिमरने कापावेत, थोडे ठेवून, मुळाशी जायचं नाही. आणि कुणाला अगदी ब्लेडच हवं असेल तर आधी गरम पाण्याने मऊ होऊ द्यायचं, साबणाचा फेस, ब्लेड नवं आणि आपलं स्वतःचं, केस ज्या बाजूला वळलेत त्याच बाजूने हलक्या हाताने. नंतर सैल सुती कपडे.

ताईने विचारलं, आणि नवऱ्याला आवडत नसेल तर. सिस्टर म्हणाल्या, विचारलंस का त्याला. ताई म्हणाली, हे कसं विचारणार. सिस्टर म्हणाल्या, जसं मला विचारलंस तसं.

संध्याकाळी भाऊजी आले तेव्हा मला पाणी आणायला पाठवलं. जग भरलेलाच होता. परत आले तर भाऊजींचे कान लाल आणि ताई हसत होती, हसताना जखम ओढल्यासारखी होते म्हणून पोट धरून. ती पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, ये, विहीरबाई, बस इथे.

मी बसले. ती माझी वेणी सोडून पुन्हा घालत राहिली. मला झोप आली.

२४ तारीख, सोमवार

मुलगी. पायाकडून आली, म्हणजे चालतच आली म्हणायचं. रडली तेव्हा आवाज दोन दारं ओलांडून बाहेर आला. आमच्या घरातला नाही तो आवाज, नवीनच कुठूनतरी आणलाय.

तिला ज्या चादरीत गुंडाळून आणलं ती मी शुक्रवारी रोलरमधून काढली होती. कडेला छोटा रफू आहे, तो मी ओळखला. कुणाला सांगितलं नाही. नंतर सिस्टरना सांगितलं.

ताई बरी आहे. जखम स्वच्छ आहे. डॉक्टर दोनदा म्हणाल्या, स्वच्छ आहे.

३० तारीख, रविवार

सगळे घरी. बाळ दिवसा झोपतं आणि झोपेत कोणाशी तरी भांडतं. घरभर वाळत घातलेले छोटे कपडे, त्यातून उजेड येतो तो दुधासारखा दिसतो. चालताना सारखं काहीतरी मऊ तोंडाला लागतं.

आज शेजारच्या काकू बघायला आल्या होत्या, त्यांच्या सुनेलाही सातवा चालू आहे. निघताना दारात आई त्यांना म्हणाली, सुनेला एक सांगा, खालच्या केसांना ब्लेड लावू नको म्हणावं. असं, सरळ, खालचे केस. काकूंच्या हातातली छत्री पडली. आईने उचलून दिली आणि पुढचं सांगायला लागली, कात्री कशी, पाणी कसं. ताई आतून म्हणाली, आई, दार तरी लाव.

फळीवरच्या ट्रिमरचा डबा फोडलेला दिसला. ताई म्हणाली, माझा आहे तो, जखम पूर्ण भरली की लागेल. म्हणजे भाऊजींची ती खरेदी शेवटी वाया गेली नाही. नशीब असतं एकेकाचं. परत केला असता तर आता पुन्हा आणावा लागला असता.

करडी सिस्टर अजून येतात. मी आता त्यांच्याशी चादर खाली असतानाही बोलते, थोडंसं. हल्ली त्यांची मोजणी अजिबात चुकत नाही. चष्मा बदलला असणार.

आणि भाऊजींना मी आज सांगितलं की मला ऑफिसचं टेबल नको, मला खालीच बरं वाटतं. तोंडाने सांगितलं. ते म्हणाले, बरं. एवढंच होतं ते. मी उगाच महिनाभर घाबरत होते. टायपिंग मात्र चालू ठेव म्हणाले, तर ठेवीन. आता दोन बोटं वापरते.

बाहेर गलका झाला म्हणून उठून पाहिलं, तर समोरच्या बिल्डिंगची लिफ्ट सुरू झालीय. कित्येक वर्षं बंद होती. सगळे जिन्यावरून ओरडतायत आणि म्हातारी माणसंसुद्धा नुसतीच वर जाऊन खाली येतायत. मी चालले बघायला.